आडातला जॉइंट

काचेच्या तारेचा जॉइंट मारायचा तर पहिला शत्रू धूळ. आणि त्या वर्षी आमच्या भागात धुळीशिवाय दुसरं काही पिकलंच नव्हतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, देवणीची नावाजलेली जनावरं छावणीत बांधली गेली होती, आणि मी आमच्याच वस्तीच्या तोंडाशी, आडाच्या काठावर, चादरीचा आडोसा करून केसाएवढ्या काचेच्या तारा एकमेकींना जोडत बसले होते. धूळ बसावी म्हणून भोवती पाणी शिंपडायचं असतं, असं आम्हाला शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांनी आमचा तालुका बघितलेला नव्हता.

मी फायबरची जॉइंटर. नांदेडच्या आयटीआयमध्ये शिकले आणि तिथल्याच एका ठेकेदाराकडे कामाला लागले. रस्त्यातली केबल इमारतीत आणायची, भिंतीवरच्या डब्यात तिची टोकं सोडवायची, यंत्रं बसवायचा रॅक उभा करायचा, मजल्यामजल्यावर तारा न्यायच्या, असं ते काम. 'पोरगी आन् वायरीचं काम?' असं नात्यातल्या बायका विचारायच्या. मी सांगायची, वायरीला कळत नाही पोरगा की पोरगी. माझी जीभ लहानपणापासून अशीच, आत्याच्या वळणावर गेलेली.

आमचं तालुक्याचं गाव देगलूरकडच्या अंगाला. ते नव्या जिल्ह्याचं ठिकाण होणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. पंधरा ऑगस्टच्या आधी बातमी उठायची आणि झेंडावंदन झालं की खाली बसायची. त्या वर्षी मात्र गावाबाहेर तीन मजली सरकारी इमारत उभी राहिली आणि सगळं गाव गुडघ्याला बाशिंग बांधून बसलं. लोक तिला कलेक्टर ऑफिसच म्हणायला लागले. कोणती खोली कलेक्टरची, कोणती पोलीस कप्तानाची, हे चहाच्या टपरीवर ठरून गेलेलं होतं. त्या इमारतीत फायबर न्यायचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं आणि गाव माझंच म्हणून त्यानं मला पाठवलं.

रिकाम्या इमारतीत काम करायला मला आवडतं. ताज्या चुन्याचा वास, आपल्याच चपलांचा आवाज. प्रत्येक खोलीत, जिथं टेबल येणार तिथं, भिंतीत पांढरा डबा बसवायचा आणि त्याची तार खालच्या रॅकपर्यंत ओढायची. डबे इतके होते की वस्तीतल्या बाया बघायला आल्या तेव्हा एकीनं विचारलं, एवढे साहेब कुठून आणणार? मी हसले. पण तिसऱ्या मजल्यापर्यंत इंटरनेट न्यायची तयारी चालली होती आणि पाण्याची लाईन अजून फाटकाबाहेरच होती, हे मलाही दिसत होतं. इमारतीतले गवंडी हात धुवायला टँकरची वाट बघायचे.

अडचण आली ती रस्त्यावर. मोठ्या रस्त्यानं आलेली केबल इमारतीकडे वळते तिथं जॉइंट येणार होता, आणि जॉइंट म्हटला की त्याला जमिनीत एक खोल चौकोनी खड्डा लागतो. चेंबर म्हणतात त्याला. ते वळण नेमकं आमच्या वस्तीच्या तोंडाशी आणि तिथं खाली सगळा काळा खडक. मशीन आलं, दिवसभर धडधडलं, वीतभर कपची काढून निघून गेलं. आमचा सुपरवायझर नांदेडचा, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मागे वरचे लागलेले. तो कपाळावर हात मारून इकडेतिकडे बघायला लागला आणि त्याची नजर आमच्या आडावर गेली. आड कोरडा ठणठणीत. 'आयताच खड्डा आहे की, ताई,' तो म्हणाला.

त्या आडाबद्दल सांगायलाच हवं. गावच्या विहिरीवर आमच्या बायांनी घागर घेऊन लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर त्यानं ओतायचं, अशी रीत होती. दीक्षेनंतरच्या वर्षांत वस्तीनं ठरवलं, आता बस. आपला आड आपण खोदू. त्याच खडकात, छिन्नी-हातोड्यानं, मजुरीवरून आल्यावर खोदला. माझी आत्या तेव्हा लहान पोर. अंगानं हलकी म्हणून तिला दोरानं खाली सोडायचे आणि ती कपचीच्या टोपल्या भरायची. माझा बाप लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. वरून आजी हाक मारायची, खालून आत्या ओ द्यायची.

ती हाक पुढं रीतच झाली. दर बुद्धपौर्णिमेला, वंदना झाली की, आडात कुणीतरी उतरायचं आणि गाळ काढायचा. पाणी असो नसो, उन्हाळ्यात आड तळाला जातोच. 'उतरलं न्हाई तर आड मरतो,' असं आत्या म्हणायची; झरे गाळानं बुजतात, एवढाच त्याचा अर्थ. आडातली हवा कोंडलेली असते म्हणून काठावर बसलेल्यानं सारखी हाक मारायची आणि खालच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही की बाकीच्यांनी दोर ओढायचा. उतरणाऱ्याच्या घरातलं वडीलधारं माणूस हाक मारायला बसायचं, कारण आवाज बदलला तर त्यालाच आधी कळतो.

सुपरवायझरच्या म्हणण्यावर विहारात बैठक बसली. माझा बाप तहसीलीतून शिपाई म्हणून नुकताच निवृत्त झालेला, त्यामुळे सरकारी कामात वस्ती त्याचं ऐकायची. तो उठून म्हणाला, 'आड कोरडा पडून हाय. त्याच्यातून जिल्ह्याची लाईन गेली तर काय वाईट? आजवर सगळं गावातून फिरून शेवटाला आपल्याकडं आलं. हे पहिल्यांदा आपल्या दारातून जाऊन राहिलंय.' लोकांनी माना डोलावल्या. माझ्या बापानं उभा जन्म साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर काढला होता. त्याच्या दारातून काहीतरी साहेबाकडे जाणार, याचं त्याला किती अप्रूप वाटत होतं ते मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं.

एकटी आत्या नाही म्हणाली. 'वायर घाला, डबा घाला, काय बी घाला. वर झाकण टाकू नका. आडाचं तोंड मिटलं की त्यो गेला.'

'अक्का, पाणी हाय का त्यात?' बापानं विचारलं.

'आज न्हाई.'

'मंग?'

'मंग उद्या उतरायचं कसं?'

झाकणाचा विषय पुढं ढकलला गेला. बैठकीत नेहमी असंच होतं.

मी जॉइंट मारायला बसले तेव्हा वाऱ्याला तोंड देऊन चादर धरायला आत्याच आली. मी चकित झाले. ती म्हणाली, 'तुह्या कामाशी माहं भांडण न्हाई. माहं भांडण झाकणाशी हाय.' आणि बसली दोन्ही हातांनी चादर ताणून. मी तारेची साल काढायची, स्पिरिटनं पुसायची, टोक कापायचं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीनमध्ये बारीक ठिणगी उडते आणि काच काचेला लागते. आत्या वाकून बघत होती.

'ह्यातून काय जातं गं?'

'उजेड.'

'आन् पाणी?'

'आत्या, पाणी कसं जाईल?'

'ठावं हाय मला. विचारलं आपलं.'

तारांच्या रंगांचा क्रम ठरलेला असतो. पहिली निळी, मग नारिंगी, मग हिरवी. ते सांगितल्यावर तिला फार बरं वाटलं. 'पहिली निळीच असणार की,' ती म्हणाली. सगळ्या तारा जोडून झाल्यावर मी तपासणीचं मशीन लावलं. ते तारेतून उजेड सोडतं आणि कुठून किती परत येतो ते बघतं. मधे कुठं तुटलं असेल तर तिथूनच परत फिरतो. मी तिला तेही सांगितलं. ती म्हणाली, बरं हाय, म्हणजे त्यो बी ओ देतो.

जॉइंटचा काळा डबा आम्ही आडाच्या आतल्या अंगाला, काठापासून हातभर खाली, लोखंडी पट्टीवर बसवला. डब्याजवळ केबलचं वेटोळं ठेवायचं असतं. उद्या दुरुस्ती निघाली तर तार न तोडता डबा वर घेता यावा, म्हणून. जॉइंटर परत येणारच, असं धरून चाललेलं असतं. मी ते वेटोळं नेहमीपेक्षा बरंच मोठं ठेवलं. सुपरवायझर म्हणाला, 'ताई, केबल काय घरची आहे का?' मी म्हटलं, 'जागा घरची आहे ना.'

नंतर मला भोकरच्या एका कॉलेजच्या कामावर पाठवलं आणि माझ्या मागे, बैठकीतल्या होकारावर, आडावर स्लॅब पडला. लोखंडी जाळी, खडी, सिमेंट. मधे छोटं चौकोनी झाकण, जॉइंटरचा हात आणि डोकं जाईल एवढं. सेंट्रिंग काढताना खडी-सिमेंटचा राडाही आतच पडला. स्लॅबला मारायचं पाणी वस्तीच्या टँकरमधूनच घेतलं, आणि लोकांनी ते दिलं, हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. आत्या कुणाला काही म्हणाली नाही. तिनं फक्त माझ्या बापाशी बोलणं बंद केलं.

आई गेल्यापासून आमच्या घरचं दोन वेळचं आत्याच करायची. तिचं घर शेजारीच. ते तिनं थांबवलं नाही. ताट आणायची, उंबऱ्यावर ठेवायची आणि तशीच मागे फिरायची. बापानं 'अक्का' म्हटलं तर वळून बघायची नाही. काही सांगायचं झालं तर मला फोन करायची. 'तुह्या बापाला सांग, औषध संपलंय.' मी भोकरहून घरी फोन करून बापाला सांगायची की तुमचं औषध संपलंय. भिंतीला भिंत लागून दोन घरं आणि निरोप भोकरवरून. मला सुरुवातीला हसू आलं. पुढं येईना.

बुद्धपौर्णिमेला मी घरी आले. वंदना झाली, खीर झाली. आत्या पांढऱ्या साडीत, खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन आडाशी आली आणि स्लॅबच्या कडेला बसली. सगळ्यांनी बघितलं आणि कुणी जवळ गेलं नाही. तिच्या सांगण्यावरून मी झाकण उघडलं. त्यातून माणूस सोडा, गाळाची टोपलीही आली नसती. तिनं वाकून अंधारात बघितलं, खाली तोंड करून एक हाक मारली, आणि मला म्हणाली, लाव. माझा बाप विहाराच्या ओट्यावर उभा होता. तो हळूहळू घरात निघून गेला.

पंधरा ऑगस्ट आला. इमारतीला आधीच रंग दिलेला, दारांना कुलपं. झेंडावंदन झालं, भाषणं झाली, बातमी खाली बसली. जिल्हा झाला नाही. इमारतीत एक छोटं कार्यालय खालच्या मजल्यावर आलं, बाकी खोल्या तशाच राहिल्या. मी रॅक तपासायला गेले तेव्हा हिरवे दिवे लुकलुकत होते. लाईन उत्तम चालत होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. आमच्याकडे पोहरा तेवढा चकचकीत होता. बाप त्या दिवसापासून इमारतीच्या बाजूनं फिरायला जायचा बंद झाला.

मग पावसाळा संपता संपता पाऊस झाला. चांगला झाला. उतारावरच्या विहिरींना पाणी आलं, टँकर बंद झाला. वस्तीला पुन्हा घागर घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर जावं लागलं. आता कुणी लांब उभं करत नव्हतं. पण ज्याच्या रानात विहीर, तो केव्हा या आणि केव्हा नको ते सांगायचाच. मी तेव्हा दोन दिवस घरी आले होते. आत्या पहिल्या दिवशी गेली, घागर भरून आणली, ओट्यावर ठेवली आणि रडली. मी तिला आईच्या मरणातसुद्धा रडताना बघितलं नव्हतं.

बापाचा फोन मला भोकरला आला. 'अक्का दिवसभर त्या स्लॅबवर बसून राहती. कान लावती. खाली पाणी हाय म्हणती.' मग म्हणाला, 'चेंबर केवढा खोदावा लागतो?'

मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, चेंबर तुम्ही खोदून द्या, डबा खुशाल हलवा, पण लाईन मिनिटभरही बंद पडता कामा नये. मी घरी पोचले तेव्हा माझा बाप आडाच्या बाजूला, एकटा, छिन्नी-हातोडा घेऊन त्या काळ्या खडकावर बसला होता. हाताला फोड. सरकारी नोकरीत त्याच्या हातानं फायलींपेक्षा जड काही उचललं नव्हतं. वस्तीतली माणसं आधी नुसती बघत उभी राहिली, मग एकेक जण खाली बसला. मशीन सोडून गेलं होतं तो खडक त्यांनी हातानं फोडला. बापाला कुणी टोमणा मारला नाही, याबद्दल मी वस्तीची आजही ऋणी आहे.

खड्डा झाला, स्लॅब घणानं फोडला. मी वेटोळं सोडलं, डबा सांभाळून वर घेतला आणि नव्या चेंबरमध्ये बसवला. केबल पुरली, उरलीसुद्धा. इमारतीत एकही दिवा लुकलुकायचा थांबला नाही. मग सगळ्यांनी आडात बघितलं. पाणी नव्हतं. खाली राडा, खडी आणि वर भिजलेला गाळ. झरे बुजले होते. आत्यानं पदर तोंडाला लावला.

'मी उतरतो,' बाप म्हणाला.

तो जन्मात कधी उतरला नव्हता. तरुण पोरं पुढं झाली, त्यानं ऐकलं नाही. लिंबाच्या फांद्या दोराला बांधून आडात खालीवर हलवल्या, हवा मोकळी व्हावी म्हणून. मग पेटता कंदील सोडला, तो विझला नाही. तेव्हा कुठं त्याच्या कमरेला दोर बांधला. आत्या लिंबाखाली पाठ करून बसली होती. म्हणून हाक मारायला मी बसले.

'बाबा!'

'ओ!'

टोपली वर, टोपली खाली. मी हाका मारत होते, तो ओ देत होता. दोर ओढणारी माणसं घामाघूम. ऊन चढत गेलं. मी पुन्हा हाक मारली, त्यानं ओ दिली. मला काही वेगळं वाटलं नाही. पण आत्या लिंबाखालून उठून जवळजवळ धावत आली आणि तिनं मला खांद्याला धरून बाजूला सारलं. 'सरक. तुला त्याचा आवाज काय कळतो!' आणि काठावर पालथी पडून तिनं खाली तोंड केलं.

'भावड्या!'

खाली टिकाव थांबला. काहीच आवाज आला नाही. दोर धरणाऱ्यांनी पाय रोवले.

'भावड्या, हायस का रे?'

'हाव, अक्का,' खालून आलं. 'हाय. हाय मी.'

'बस जरा. दम खा. मंग काढ.'

त्यानं दम खाल्ला, मग पुन्हा टिकाव चालू झाला. आत्या तिथून हलली नाही. टोपली वर येत असतानाही हाक मारायची, त्यानं आत्ताच ओ दिलेली असली तरी मारायची. कितीतरी महिन्यांच्या हाका तिच्याकडं साठल्या होत्या. तोही प्रत्येक हाकेला ओ देत होता, एकही न चुकवता. ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही त्याला वर ओढलं. तो काठावर बसला आणि मी बघितलं, त्याचं धोतर मांड्यांपर्यंत ओलं होतं. चिखलानं नाही, पाण्यानं.

'पाणी लागलं?' सगळे ओरडले.

'दुपारीच लागलं की.'

'मग खालून सांगितलं का नाही?' मी चिडून विचारलं.

आत्या त्याच्या पायांवरचा गाळ आपल्या पदरानं पुसत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि मला हळूच म्हणाला, 'सांगितलं असतं तर तुम्ही मला वर घेतलं असतं. आन् अक्का हाका मारायची थांबली असती.'